शहाण्णव टाके

टाकिले बेटावर मुलीचा बाप भावी जावयाची टोपी मागून घेतो, उलटी धरतो आणि तिच्यात पाणी ओततो, असं तिथले लोक पाहुण्यांना सांगतात. टोपी मुलानं स्वतः विणलेली असायला हवी. पाणी धारेनं गळलं तर मुलगा अजून संसाराला तयार नाही. विणीतून थेंबही लवकर खाली आला नाही, तर बोलणी पुढे सरकतात. सांगणारे या गोष्टीला थोडं तिखटमीठ लावत असतील. पण टोपी इतकी घट्ट विणता येते आणि त्या बेटावरचे पुरुष ती तशी विणतात, यात तिखटमीठ नाही.

टाकिले हे पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरातलं बेट. सरोवराचा पृष्ठभागच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. बेटावर दोनेक हजार माणसं, भाषा केचुआ, शेती पायऱ्यापायऱ्यांची, आणि रात्रीची थंडी हाडात शिरणारी. इथली कामाची वाटणी आपल्या सवयीच्या नेमकी उलट आहे. बायका मागावर रुंद कमरपट्टे विणतात, ज्यांवर वर्षभरातली पेरणी, कापणी आणि सण चिन्हांनी मांडलेले असतात. सुयांवरचं विणकाम मात्र पुरुषांचं. पुरुष चालताना विणतात, गप्पा मारताना विणतात, चौकात उभं राहून बोटीची वाट पाहताना विणतात. लोकर मानेभोवतून घेतलेली असते, म्हणजे धाग्याचा ताण मानेवर येतो आणि बोटं मोकळी राहतात. टोपीची आतली बाजू विणणाऱ्याकडे ठेवून ते सगळे टाके उलट घालतात. नक्षीचे सुटे धागे त्यामुळे डोळ्यांसमोर राहतात. चुलो म्हणतात त्या टोपीला. पूर्ण लाल असेल तर डोक्याचा मालक विवाहित, लाल-पांढरी असेल तर अविवाहित. युनेस्कोनं २००५ साली या बेटाच्या वस्त्रकलेचा मानवी वारशात समावेश जाहीर केला आणि २००८ साली तिला प्रातिनिधिक यादीत स्थान दिलं.

सुयांचं विणकाम अँडीज पर्वतरांगांत आलं ते स्पॅनिश लोकांबरोबर. मागावरची कला तिथं हजारो वर्षं जुनी होती, सुया मात्र परक्या. त्या परक्या वस्तूला बेटानं इतकं आपलंसं केलं की पोरगा वयात आल्याचा पुरावा तिच्यातूनच मागितला जाऊ लागला. मुलगा लहानपणी सुया हातात घेतो त्याही टोपीसाठीच, आणि लग्नाच्या वयात परीक्षा देतो तीही टोपीचीच. पहिला धडा आणि शेवटची परीक्षा एकाच वस्तूत सामावलेली असावी, हे फार कमी कारागिऱ्यांत दिसतं. गेलं वर्षभर मी टोपी विणायला शिकतो आहे आणि माझा प्रश्न एवढाच आहे: टोपीच का?

कायद्यानं घातलेली टोपी

युरोपातही टोपीनं परीक्षा घेतली आहे. १७व्या-१८व्या शतकांत स्ट्रासबुर्ग आणि आसपासच्या जर्मन भाषक शहरांत विणकरांचे संघ होते. संघात बायकांना सहसा प्रवेश नव्हता; विणकाम हा पुरुषांचा कमाईचा धंदा होता. काही वर्षं उमेदवारी, मग गावोगाव फिरून काम, आणि शेवटी ‘उस्ताद’ म्हणवून घेण्यासाठी ठरावीक मुदतीत काही वस्तू विणून दाखवायच्या. त्यांत फुलापानांच्या नक्षीचा भलामोठा गालिचा असे, लोकरी सदरा असे, आणि त्यांच्या पंगतीला एक टोपी असे. गालिचा रंगांची जाण दाखवी, सदरा मापाची. टोपी दाखवी ती गोलाई.

इंग्लंडात तर टोपी थेट संसदेत पोचली. १५७१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कायदा झाला की सहा वर्षांवरच्या प्रत्येकानं रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडात विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे. कुलीन स्त्रिया, उमराव, सरदार आणि जमीनजुमला असलेले प्रतिष्ठित लोक यांना सूट होती. टोपी न घातल्याबद्दल दंड दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स. राणीला प्रजेच्या डोक्यांची काळजी होती असं नव्हे. फॅशन बदलून फेल्टच्या हॅट आल्या होत्या आणि टोपीवाल्यांचा धंदा बसत चालला होता. एका टोपीमागे लोकर पिंजणारे, सूत कातणारे, विणणारे, ओली टोपी तुडवून दाट करणारे, रंगारी, लव कातरणारे असे कितीतरी हात लागत. ते रिकामे पडले तर भिकाऱ्यांची संख्या वाढेल, ही भीती कायद्यामागे होती. कायदा फारसा कुणी पाळला नाही आणि १५९७ साली तो रद्दही झाला.

त्या काळच्या टोप्या कशा दिसत होत्या हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण काही उरल्या आहेत. १५४५ साली बुडालेलं आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रतळातून वर काढलं गेलं; त्याच्या अवशेषांत खलाशांच्या लोकरी टोप्याही निघाल्या. वेल्सच्या सीमेवरच्या मॉनमथ गावाच्या नावानं ओळखली जाणारी टोपी सैनिक आणि खलाशी यांच्या डोक्यांवर इतकी रुळली होती की शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ नाटकात तिचा उल्लेख आहे. ही टोपी काठाकडून विणत शेंड्यापर्यंत टाके कमी करत न्यायची, किंवा शेंड्याकडून सुरू करून वाढवत आणायची. आज एखादी नवशिकी मुलगी पहिली टोपी करते तेव्हा याहून वेगळं काही करत नाही. चारशे वर्षांत सुयांचा धातू बदलला, लोकर बदलली. हातांची क्रिया तीच राहिली.

यंत्र आलं तेही याच काळात. १५८९च्या सुमारास नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम लीनं मोजे विणायचं यंत्र बनवलं आणि पुढच्या दोन शतकांत हातविणीच्या मोज्यांची बाजारपेठ गिळली गेली. हातविणकाम धंद्यातून हळूहळू घरात सरकलं, आणि घरात सरकल्यावर ते बायकांचं झालं.

घोंगडी होती, टोपडं नव्हतं

महाराष्ट्रात लोकर नव्हती असं कुणी म्हणणार नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची काळी, भरड लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते, बायका ती कातून सूत करतात, सनगर ते खड्ड्याच्या मागावर विणतात, वर चिंचोक्याची खळ चढवतात आणि घोंगडी तयार होते. पाऊस झेलणारी, अंथरायला-पांघरायला चालणारी, देवापुढे मांडायला लागणारी. पण ही लोकर बोचरी. अंगाला थेट लागेल असं काही तिचं करत नाहीत. शिवाय घोंगडीला आकार नसतो. चौकोन विणला की काम झालं. डोक्याला, तान्ह्या पावलाला, कोपराला बसेल असं गोलाईचं कापड हवं तर सुया लागतात. त्या आपल्याकडे आल्या युरोपीय लोकांच्या घरांतून, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि मग मुलींच्या शाळांतल्या हस्तकलेच्या तासातून.

पुढे लुधियानाच्या गिरण्यांतून तयार लोकरीचे गुंडे गावोगावच्या दुकानांत पोचले, बायकांच्या मासिकांत विणीचे नमुने छापून येऊ लागले आणि पुण्या-नाशकाच्या थंडीपुरते स्वेटर घरोघर होऊ लागले. मुंबईत स्वेटरचं काम नव्हतं. पण टोपड्याचं होतं. बाळंतविड्यात टोपडं, झबलं, दुपटं, पायमोजे हवेतच, मग बाळ डोंबिवलीत जन्मो नाहीतर दिंडोरीत. ते टोपडं मावशीनं विणलेलं की आजीनं, यावर बारशाला बोलणं होई. बाहेरची बाजू सगळेच पाहत. जाणत्या बायका टोपडं उलटं करून आतली बाजू पाहत: धागा कुठं जोडलाय, गाठ कुठं लपवलीय, शेंड्याला भोक राहिलंय का. स्ट्रासबुर्गच्या संघाला जे तपासायला उस्तादांची बैठक भरवावी लागे, ते इथं पाळण्याशेजारी होऊन जाई.

माकडटोपी मात्र आली लढाईतून. १८५४च्या क्रिमिया युद्धात बालाक्लावाच्या परिसरात इंग्रज सैनिक थंडीनं गारठले, तेव्हा मायदेशातून विणलेल्या गरम वस्तू पाठवल्या गेल्या. डोकं, कान आणि गळा एकदम झाकणाऱ्या टोपीला पुढे त्या गावाचं नाव मिळालं. पहाटे पर्वतीवर फिरायला जाणाऱ्या आजोबांना याचं काही देणंघेणं नाही. पण डिसेंबरात त्यांच्या डोक्यावर एक युरोपीय युद्ध असतं.

‘मफलर नको’

पुण्यात पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका दुपारी विणकाम शिकवतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. मी गेलो तेव्हा खोलीत आठ-दहा बायका होत्या आणि एक शाळकरी मुलगा होता, ज्याला आजीनं जबरदस्तीनं आणलं होतं आणि जो सगळ्यांत वेगानं विणत होता.

‘‘काय करायचं ठरवलंय तुम्ही?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मफलर. सोपा असतो म्हणतात.’’

‘‘मफलर नको. सोपा असतो, पण संपत नाही, आणि पहिल्या वीतभरात जे शिकवतो तेच शेवटपर्यंत शिकवतो. टोपी करा. काठ वेगळा, अंग वेगळं, शेंडा वेगळा. तीनदा काहीतरी नवं येतं आणि कंटाळा यायच्या आत हातात वस्तू येते.’’

टोपीच का, याचं अर्धं उत्तर मला तिथंच मिळालं. उरलेलं अर्धं हिशेबात होतं.

सामान थोडंच लागतं. लोकर गुळगुळीत आणि फिक्या रंगाची घ्यावी. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही. केसाळ लोकरीत तर दिसतही नाही आणि सहज उसवताही येत नाही. मोठ्या माणसाच्या टोपीला शंभर ग्रॅम पुष्कळ होते. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं. ते स्वस्त, धुवायला सोपं, बोचत नाही. मात्र गरम इस्त्री लागली की वितळून कायमचं लुळं पडतं. खरी लोकर ओलावा पोटात घेऊनही ऊब देते, पण गरम पाण्यात घुसळली की आवळून नमदा होते. मॉनमथच्या टोपीवाल्यांनी हाच दुर्गुण कामाला लावला होता: टोपी मुद्दाम मोठी विणायची आणि मग तुडवून दाट करायची.

सुया नंबरानं मिळतात, आणि इथं नवा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. जुन्या ब्रिटिश पद्धतीचे हे नंबर आपल्या दुकानांत अजून चालतात. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, आठ नंबरची चार मिलिमीटरची, सात नंबरची साडेचारची. पहिल्या टोपीला सात किंवा आठ नंबर आणि त्याला शोभेल अशी जाडसर लोकर बरी. लाकडी किंवा बांबूच्या सुयांवर टाके कमी घसरतात.

आणि मग टाका. सगळं विणकाम दोन टाक्यांवर उभं आहे असं सांगतात. खरं तर ते एकाच टाक्यावर उभं आहे. आधीच्या फेऱ्यातून नवा फेरा ओढून काढायचा, एवढंच. सुई टाक्यात पुढून मागे घालून फेरा आपल्याकडे ओढला की सुलट. धागा पुढे घेऊन, सुई मागून पुढे आणून फेरा पलीकडे ढकलला की उलट. सुलटाच्या पाठीला उलट असतो आणि उलटाच्या पाठीला सुलट. हे एकदा डोळ्यांना दिसलं की नमुन्याचा कागद वाचायची गरज अर्ध्यानं कमी होते, कारण आपण कुठं आहोत ते कापडच सांगतं.

सगळ्या ओळी एका बाजूनं सुलट दिसतील असं कापड विणलं तर त्याच्या कडा गुंडाळल्या जातात. सुलट बाजूची आणि उलट बाजूची ओढ वेगळी असते, म्हणून. टोपीच्या काठाला हे चालत नाही. तिथं दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घालतात. सुलटाचे उभे कणे पुढे येतात, उलटाचे मागे जातात, ओढ दोन्ही बाजूंना सारखी होते आणि कापड घडीच्या पंख्यासारखं मिटतं-उघडतं. टोपी डोक्यावरून उतरताना ताणली जाते आणि कपाळावर परत आवळते ती या पट्टीमुळे.

नवशिक्याचा हात घट्ट असतो. सुरुवातीचे टाके तो असे आवळतो की काठ डोक्यातून जातच नाही. बाईंचा उपाय साधा: टाके घालताना दोन सुया एकत्र धरायच्या आणि पहिल्या ओळीआधी त्यांतली एक काढून घ्यायची. समोर बसलेल्या एकीची लोकर ताणानं कुरकुरत होती, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘सासूबाईंशी भांडून आलीस का गं? त्यांचं त्यांच्यापाशी ठेव, लोकरीनं तुझं काय केलंय?’’

टाका निसटणं हे नव्या माणसाला संकट वाटतं. निसटलेला टाका ओळीओळीनं खाली उतरत जातो आणि त्याच्या जागी आडव्या धाग्यांची शिडी दिसते. क्रोशाची सुई घेऊन सगळ्यांत खालचा फेरा पकडायचा आणि एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर यायचं; शिडी मिटते, मागे खूण उरत नाही. शिंप्याची कात्री चुकली की कापड गेलं. विणकामात काहीच कापलेलं नसतं, धागा अखंड असतो, म्हणून काहीच वाया जात नाही. हे कळायच्या आधी लोक विणकाम सोडतात आणि कळल्यावर सहसा सोडत नाहीत.

टोपी दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवता येते. आपल्याकडे बहुतेक घरांत तशीच होते. दुसरी रीत गोल विणण्याची. त्यासाठी दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा चार-पाच सुट्या सुया किंवा मधे लवचीक दोरी असलेली गोल सुई लागते. गोल विणलं की शिवण नाही, आणि फेरे सगळे सुलटच घालायचे. मात्र पहिला फेरा जोडताना टाके सुईभोवती पिळलेले नाहीत ना, हे दोनदा पाहावं. एक पीळ राहिला की टोपीऐवजी पिळलेली पट्टी तयार होते. ती डोक्यावर घालता येत नाही, आणि उसवल्याशिवाय ती सुधारतही नाही.

हिशेब

नमुन्याच्या पुस्तकात ‘९६ टाके घाला’ असं लिहिलेलं असतं. हे शहाण्णव येतात कुठून?

आधी मापाचा तुकडा विणायचा. हाताएवढा चौकोन, धुऊन, वाळवून, मधले दहा सेंटिमीटर मोजायचे. समजा त्यात वीस टाके आडवे आणि अठ्ठावीस ओळी उभ्या बसल्या. म्हणजे सेंटिमीटरला दोन टाके. डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर असेल तर टोपी त्याहून पाचेक सेंटिमीटर लहान हवी, नाहीतर ती डोक्याला धरणार नाही. ४९ सेंटिमीटर, दुणे ९८ टाके. काठाच्या पट्टीला चारच्या पटीतला आकडा लागतो, शेंड्याला आठच्या. जवळचा आकडा ९६.

आता हात घट्ट असलेल्यानं हेच शहाण्णव टाके घातले आणि त्याचे दहा सेंटिमीटरला बावीस बसले, तर टोपी होईल सुमारे ४४ सेंटिमीटरची. कपाळावर वळ उठतील. सैल हाताच्या माणसाचे अठराच बसले तर ५३ची. ती डोळ्यांवर घसरेल. आकडा एकच, लोकर एकच, तरी फरक नऊ सेंटिमीटरचा. मापाचा तुकडा कुणालाच विणावासा वाटत नाही, आणि त्याशिवाय कुणाचंच भागत नाही. विसाव्या शतकातली गाजलेली विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन हिनं यावर तोडगा सुचवला होता: गोल स्वेटर करायचा असेल तर मापाचा चौकोन न विणता एक टोपी विणा. माप मिळतं, आणि वर टोपीही मिळते. तिचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ १९७१ साली आलं. विणणाऱ्यानं नमुन्याची हमाली न करता स्वतःचा हिशेब स्वतः करावा, हा तिचा जन्मभराचा आग्रह होता.

काठ आणि अंग मिळून चौदा सेंटिमीटर झालं की शेंडा सुरू होतो, आणि खरी मजा तिथं आहे. ९६ टाक्यांचे बारा-बाराचे आठ भाग पाडायचे. प्रत्येक भागात दहा टाके साधे विणून शेवटचे दोन एकत्र विणायचे. फेऱ्याला आठ टाके कमी झाले, उरले ८८. पुढचा फेरा साधा. मग नऊ साधे आणि दोन एकत्र: ८०. असं करत करत शेवटी सुईवर आठ टाके उरतात. धागा कापून त्यांतून ओवायचा आणि ओढून आतून पक्का करायचा. वरून पाहिलं तर आठ पाकळ्यांचं चक्र दिसतं. काठापासून इथवर साधारण चार हजार आठशे टाके पडलेले असतात.

एक फेरा सोडून आठच का? शाळेतलं वर्तुळ आठवावं. त्रिज्या जितकी घटते त्याच्या सव्वासहा पट परीघ घटतो. आपली एक ओळ सुमारे साडेतीन मिलिमीटर उंच आहे, म्हणजे दर ओळीला परीघ बावीस मिलिमीटरनं कमी व्हायला हवा. टाका पाच मिलिमीटर रुंद. तेव्हा सपाट चकती हवी तर दर ओळीला साडेचार, दोन ओळींत नऊ टाके कमी करावे लागतील. आपण आठ करतो. नऊहून एक कमी, म्हणून चकती पूर्ण सपाट न होता किंचित फुगीर होते, डोक्याच्या टाळूसारखी. चारच कमी केले तर टोपी निमुळती होत परीकथेतल्या बुटक्या म्हाताऱ्याची होईल. सोळा केले तर शेंड्याला चुण्या पडतील.

हे गणित कागदावर मांडून कुणी टोपी केलेली नाही. मॉनमथच्या विणकरांना अक्षरओळख बेताचीच असणार. आपल्या आज्यांपैकी कितीतरी जणी चौथीपुढे शाळेत गेल्या नाहीत. पण वीतभर तुकड्यावरून त्रैराशिक मांडणं, आठानं निःशेष भाग जाणारा आकडा तोंडी काढणं, घसरत्या परिघाचा अंदाज बोटांनी घेणं त्यांना येत होतं. त्याला कुणी गणित म्हटलं नाही, कारण ते दुपारच्या निवांत वेळी मांडीवर होत होतं.

कुणाच्या डोक्यासाठी

शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरं नाही. डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. जळालेल्या रुग्णाच्या जखमेचा अंदाज घेताना डॉक्टर प्रौढाचं डोकं आणि मान मिळून नऊ टक्के धरतात आणि तान्ह्याचं अठरा. एवढा मोठा भाग उघडा राहिला आणि बाळ कमी वजनाचं असलं तर ते झपाट्यानं गार पडतं. म्हणूनच जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं करायचं, आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवायचं आणि डोक्यावर टोपी घालायची, ही जगभरच्या प्रसूतिगृहांतली रीत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोता शहरात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ‘कांगारू’ पद्धत सुरू झाली, तिच्यातही टोपी आहेच.

नव्या विणकरासाठी म्हणूनच टोपडं चांगलं. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाचं होईतो सुमारे ४६. म्हणजे मोठेपणीच्या घेराच्या चार-पंचमांशाहून अधिक घेर पहिल्या वर्षाअखेरच झालेला असतो. बारशाच्या मापानं विणलेलं टोपडं उष्टावणापर्यंत पुरत नाही, तेव्हा भेट द्यायची तर एक माप मोठंच विणावं. मुंबई-कोकणात लोकरीऐवजी सुती धागा घ्यावा. गळ्याखाली लांब बंद नकोत, ओढून निघेल असा गोंडा नको. आणि इस्पितळातून घरी आल्यावर झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये. अंग अति तापण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हे आता स्पष्ट बजावते. आजीला हे पटवणं विणकामाहून कठीण.

टोपी लवकर होते आणि कुणालाही जमते, याची भीती राज्यकर्त्यांनाही वाटली आहे. नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेत लोकांनी लाल विणलेल्या टोप्या घालायला सुरुवात केली. नाताळच्या बुटक्याची टोपी ती, तिच्यात आक्षेप घेण्यासारखं काय? पण रस्त्यावर लाल डोकी वाढू लागली आणि १९४२च्या फेब्रुवारीत तिच्यावर बंदी आली. इंग्लंडात टोपी न घालणं गुन्हा होता, नॉर्वेत घालणं गुन्हा ठरलं.

२०१७च्या २१ जानेवारीला वॉशिंग्टन आणि इतर शहरांत बायकांचे मोर्चे निघाले, तेव्हा रस्ते गुलाबी टोप्यांनी भरले होते. त्या टोपीची रचना मुद्दामच पहिल्यांदा सुया धरणाऱ्यांसाठी केलेली होती: एक लांबट आयत विणायचा, दुमडायचा, दोन बाजू शिवायच्या. टाके कमी करणं नाही, शेंडा नाही. आयताचे दोन कोपरे डोक्यावर आपोआप मांजरीच्या कानांसारखे उभे राहतात. गोलाई टाळली म्हणून ती टोपी हजारो नवख्या हातांना काही दिवसांत जमली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं तिचा एक नमुना संग्रही ठेवला आहे.

मग कशासाठी?

रस्त्यावर शे-दीडशे रुपयांत यंत्रावरची टोपी मिळते. हातानं करायची तर कधी कधी तेवढ्याची लोकरच लागते आणि संध्याकाळी जातात त्या वेगळ्याच. पैशांच्या हिशेबात हातविणीची टोपी विल्यम लीच्या यंत्रापुढे केव्हाच हरली. छंद म्हणावा तर छंद पुष्कळ आहेत, आणि मन शांत होतं म्हणावं तर शेंड्याचे टाके मोजताना कुणी हाक मारली की काय होतं ते विणणाऱ्याच्या घरच्यांना विचारावं.

मला वाटतं, टोपी शिकायची ती तिच्या आकारमानासाठी. एखादी विद्या पूर्ण शिकायला आयुष्य जातं, अशा जगात ही एक विद्या आहे जिची सगळी अंगं एका ओंजळभर वस्तूत येतात: मापणं, सुरुवात सैल ठेवणं, ताण सारखा राखणं, वाढवायचं कुठं थांबवावं हे ओळखणं आणि मग नेमानं घटवत नेणं. टाकिलेचा बाप मुलगा निवडताना, स्ट्रासबुर्गचा संघ उस्ताद निवडताना आणि आपल्याकडची आत्या टोपडं उलटं करून पाहताना तपासत होते ते हेच. स्वेटर एवढं सगळं दाखवतो, पण महिने घेतो. मफलर लवकर होतो, पण यातलं अर्धंही दाखवत नाही.

शिवाय टोपी जमली की बाकीचं विणकाम परकं राहत नाही. बाही म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी, हळूहळू रुंदावणारी टोपीच. हातमोज्याचं एकेक बोट ही शेंडा मिटलेली चिमुकली टोपी. पायमोज्याला तेवढी टाच नवी शिकावी लागते. बाईंच्या वर्गातला तो शाळकरी मुलगा आता तिथवर आला आहे. आजीनं आणलं होतं म्हणून आलेला. परवा आजीचा मोजा उसवून तिला टाच कुठं चुकली ते दाखवत होता. आजी म्हणाली, ‘‘मला शिकवतोस होय रे?’’ आणि सुई त्याच्या हातातून काढून न घेता चष्मा लावून बघत बसली.